एक जूनची माणसं

जपानी नागरिकत्व घेतलं असं सांगितलं की पहिला प्रश्न परीक्षेचा येतो. राष्ट्रगीत म्हणून दाखवावं लागतं का? इतिहास विचारतात का? बहुतेकांचं कोणी ना कोणी अमेरिकेत असतं, त्यामुळे प्रश्नांची ती पुस्तिका आणि हात वर करून घेतलेली शपथ डोक्यात पक्की बसलेली असते. इथे तसलं काही नाही. सोहळा नाही, हातात झेंडा नाही, अर्जाला शुल्कसुद्धा नाही. साधारण तिसरीतल्या मुलाइतकं जपानी लिहिता-वाचता यावं अशी अपेक्षा असते, आणि शंका आली तर समोर कागद ठेवून चार ओळी लिहून घेतात. बाकी सगळा कारभार कागदांचा. गंमत म्हणजे ते कागद जपानविषयी जवळजवळ काहीच विचारत नाहीत. तू कोणाची, कुठली, आईबापांचं लग्न कधी झालं, भावंडं किती, गेलेली किती, हे विचारतात. जपानी व्हायला निघालेल्या बाईला आधी कराड तालुक्यात परत पाठवतात.

मी २००६ साली टोकियोत आले. नवऱ्याची नोकरी आधीपासून इथे होती, मला वर्षभरात सॉफ्टवेअर चाचणीचं काम मिळालं, मुलगी इथेच जन्मली. निशिकासाईला घर. तिथल्या वाणसामानाच्या दुकानात तूरडाळ आणि पोहे मिळतात आणि गणपतीला टोकियो मराठी मंडळात आरतीला गर्दी होते, तेव्हा मी काही एकटी पडले होते असं नाही. कायम वास्तव्याचा परवानाही हातात होता. इथल्या कायद्यातली एक विचित्र गोष्ट अशी, की कायम वास्तव्यासाठी साधारणपणे दहा वर्षं राहावं लागतं, आणि नागरिकत्वासाठी १९५० च्या राष्ट्रीयत्व कायद्यात पाचच वर्षं लिहिलेली आहेत. बाकीच्या अटी वर्तणूक चांगली हवी, पोटापाण्याची सोय हवी, राज्यघटना उलथून टाकण्याच्या भानगडीत नसावं, अशा. आणि मुख्य म्हणजे आधीचं नागरिकत्व सोडायची तयारी.

मग परवाना असताना हे कशाला? मुलगी सरकारी शाळेत, मैत्रिणी इथल्या, भांडते जपानीतून. मतदान करावंसं वाटत होतं. आणि पासपोर्ट. हे तिसरं कारण लोक खालच्या आवाजात सांगतात. मी मोठ्याने सांगते. चार दिवस युरोपात कामाला जायचं तर बँकेच्या कागदांपासून परतीच्या तिकिटापर्यंतची फाईल घेऊन व्हिसाच्या रांगेत बसायचं, आणि शेजारच्या टेबलवरची सहकारी नुसती बॅग भरून निघते, हे किती वर्षं बघायचं?

नवऱ्याने अर्ज केला नाही. त्याला गावाकडे अजून थोडी जमीन घ्यायची आहे, आणि भारताचं नागरिकत्व गेलं की शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्यात यावर वाद झाला नाही. मी आणि मुलगी इकडे, तो तिकडे, असा साधा हिशेब ठरला.

टोकियोच्या तेवीस वॉर्डांतल्या लोकांचे हे अर्ज कुदानच्या होमुक्योकुत, म्हणजे न्याय खात्याच्या नोंदणी कार्यालयात घेतात. आणि भारतीय दूतावासही कुदानमध्येच, चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठी. एप्रिलमध्ये तिथे चेरी बघायला अख्खं शहर लोटतं. नागरिकत्व मागायचं कार्यालय आणि सोडायचं कार्यालय यांच्यात पायी जाण्याइतकं अंतर. त्या दिवसांत अर्धी रजा टाकून मी दोन्हीकडची कामं एका फेरीत उरकत असे.

पहिल्या भेटीत अधिकाऱ्यांनी माझी माहिती ऐकून यादीवर एकेक खूण केली. इथले कागद सोपे. आयकर, पेन्शनचे हप्ते, पगाराचा दाखला, गाडी चालवताना काही गुन्हा झालाय का त्याचं पत्र. घराचा नकाशा स्वतः काढून द्यायचा, स्टेशनपासून किती मिनिटं तेही लिहायचं. नातेवाइकांचा एक तक्ता, त्यात गेलेल्यांचीसुद्धा नावं. आणि भारतातून माझा जन्मदाखला, आमच्या लग्नाचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला.

आईवडिलांच्या लग्नाचा दाखला! लग्न १९७४ च्या उन्हाळ्यात, आईच्या माहेरी, मांडवात. नोंदणी वगैरे कोणाच्या स्वप्नातही नव्हती. प्रतिज्ञापत्रावर भागतं असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, पण आमच्या आण्णांनी साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म घालवलेला. खरी पावती मिळत असेल तर कच्ची कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी केली. ग्रामसेवक म्हणाले, होईल की, उशिराचा दंड पडेल, पत्रिका आणि फोटो आणा, साक्षीदार आणा, भटजी आणा. भटजी कधीच गेलेले. पत्रिका आईने ट्रंकेतून काढली, पिवळी पडलेली, हळदीचं बोट अजून दिसत होतं. साक्षीला माझे दोन मामा आणि शेजारचे एक आजोबा.

फोनवर आई माझ्यावर करवादली, "आता ह्या वयात लगीन लावतीस व्हय गं आमचं?" पण दादाने पाठवलेल्या फोटोत ती नवं लुगडं नेसून ग्रामपंचायतीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली आणि आण्णा टोपी सावरतायत. ग्रामसेवकांनी सगळ्यांना पेढे दिले म्हणे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर दोघांना दाखला मिळाला, आणि तो कशासाठी तर मुलीला जपानी होता यावं म्हणून.

नातेवाइकांचा तक्ता भरून मी कुदानला गेले तेव्हा अधिकाऱ्यांची पेन्सिल एका जागी थांबली. वडिलांची जन्मतारीख १ जून. आईची १ जून. थोरल्या भावाची १ जून. माझी आणि धाकट्या बहिणीची तेवढी निराळी.

"तिघंही एकाच दिवशी?"

आता हे टोकियोतल्या माणसाला कसं सांगायचं? जून महिन्यात शाळा सुरू व्हायची, बाप पोराला हाताला धरून न्यायचा, गुरुजी विचारायचे कधीचा, बाप म्हणायचा पावसाळ्यातला असेल, की गुरुजी सहा वर्षं मागे मोजून १ जून टाकायचे. आमच्या गावात निम्मी पिढी एक जूनची आहे. त्या दिवशी फेसबुक उघडलं तर शुभेच्छा देता देता हात दुखतो. मी सांगत गेले, ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग खऱ्या तारखा काय आहेत?" आईची खरी तारीख म्हणजे आखाडातली, नदीला पाणी चढलेलं, घरात म्हैस व्यालेली. हे काही मी त्यांना सांगितलं नाही. "कोणालाच नक्की ठाऊक नाही," एवढंच मी म्हणाले. त्यांनी कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहून घेतलं, कागदपत्रांत आहे तीच तारीख ठेवा म्हणाले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. थट्टा नाही, संशय नाही. जन्माला आल्याबरोबर कुळाच्या नोंदवहीत तारखेसकट नाव चढतं अशा देशातला तो माणूस, आणि तरीही त्याने आमचा एक जून गोड मानून घेतला.

या सगळ्यांत ज्या कागदाने मला दमवलं तो म्हणजे आईचं निवेदन. अर्जदाराच्या आईने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, की माझं लग्न अमुक यांच्याशी झालं, मला अमुक मुलं झाली, त्यांची नावं आणि जन्मतारखा या, आणि अर्जदार त्यांतली एक. मी मराठीत मसुदा करून दादाला पाठवला. त्यात तीन नावं होती. संध्याकाळी आईचा फोन आला.

"किती मुलं ते विचारलंय ना?"

"हो."

"मग चार लिही."

दादाच्या पाठीवर एक मुलगा झाला होता आणि आठवडाभरात गेला, हे मला माहीत होतं. घरात त्याविषयी बोलत नसत. मावशीकडून कधीतरी कानावर आलेलं. नाव विचारलं तर म्हणाली, बारसंच झालं नाही तर नाव कुठलं. तारीख मात्र तिला ठाऊक होती. तिला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही, दादाची शाळेने ठरवली, पण त्या पोराचा दिवस, वार, वेळ सगळं तिने घडाघडा सांगितलं. नोंद कुठेच नव्हती, ना दवाखान्याची ना ग्रामपंचायतीची. मी कुदानला विचारलं, अशा वेळी काय करायचं. आईंनी जसं लिहिलंय तसंच भाषांतर करा, असं उत्तर आलं. परदेशी कागदांची जपानी भाषांतरं आपली आपण केली तरी चालतात, खाली नाव-पत्ता-तारीख टाकायची. त्या रात्री दुसऱ्या मुलाच्या नावाच्या जागी मी 'नाव ठेवलेलं नाही' असं जपानीत लिहिलं.

अर्जासोबत नागरिकत्व का हवं हे सांगणारं एक पत्र हाताने लिहावं लागतं, टाइप केलेलं चालत नाही. मी मुलीचं लिहिलं, कामाचं लिहिलं, इथेच म्हातारं व्हायचा विचार आहे असं लिहिलं. पासपोर्टचं लिहिलं नाही. ओळखीतल्यांनी बजावलं होतं की सोयीचा विषय काढू नका, प्रेमाचा काढा. एका वर्गाला मात्र हे पत्र माफ आहे. कोरिया आणि तैवान जपानच्या ताब्यात असताना आलेल्या लोकांची मुलंनातवंडं, ज्यांना 'विशेष कायम रहिवासी' म्हणतात. त्यांचे आजेपणजे जपानी प्रजाजन होते, १९५२ मध्ये शांतता करार अमलात आला तसं एका फटक्यात ते नागरिकत्व गेलं. त्यांना 'तुम्हाला जपानी का व्हायचंय' असं विचारायला कोणाचीही जीभ रेटणार नाही, हे बरंच आहे. त्यांच्यातले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही अर्ज करत नाहीत. आमची सोय आणि त्यांचा सल, दोन्ही एकाच फॉर्मवर येतात.

आपल्याकडून जपानी झालेल्यांत सगळ्यांत मोठं नाव रासबिहारी बोस यांचं. १९१५ मध्ये इंग्रजांना चुकवून इथे आले, शिंजुकुच्या नाकामुराया बेकरीच्या मालकांनी लपवलं, १९१८ मध्ये त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी लग्न झालं, १९२३ मध्ये नागरिकत्व मिळालं. त्यांनी शिकवलेली नाकामुरायाची करी लोक अजून चवीने खातात. ज्या साम्राज्याने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं, त्याच्यापासून सुटायला त्यांना हा कागद हवा होता. मला विमानतळावरची रांग चुकवायची होती. एकाच रजिस्टरात दोघं, असं मनात आलं की थोडं हसू येतं.

अर्ज स्वीकारला त्या दिवशी एक प्रतिज्ञा मोठ्याने वाचून सही करावी लागली. राज्यघटना आणि कायदे पाळीन, ठरलेली कर्तव्यं पार पाडीन, चांगली नागरिक होईन. एवढंच. खोलीत मी, ते अधिकारी आणि पंख्याचा आवाज. मग म्हणाले, नोकरी बदलली, घर बदललं, परदेशी गेलात, गाडीचा दंड झाला, तर लगेच कळवा. काही महिन्यांनी मुलाखत झाली. नवऱ्यालाही बोलावलं, वेगळं बसवलं. तुमचं कसं जमलं, घरखर्च कोण करतं, परत जायचा विचार आहे का. तो बाहेर आल्यावर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. लग्न कसं जमलं यावर दोघांच्या हकीकती बऱ्याच वेगळ्या निघाल्या.

त्या वाट बघण्याच्या दिवसांतच, २०१९ च्या एप्रिलमध्ये, आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेची निवडणूक आली. रस्त्याकडेच्या फळ्यांवर उमेदवारांच्या फोटोंच्या रांगेत योगेंद्र पुराणिक यांचा चेहरा. २०१२ मध्ये जपानी नागरिक झालेले, मराठी माणूस. निवडून आले. निशिकासाईतल्या आम्हा सगळ्यांच्या फोनवर दिवसभर तेच. मत द्यायचा हक्क मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना होता. मी नुसती फळीसमोर उभी राहून येत असे.

सप्टेंबरात होमुक्योकुतून फोन आला. माझं आणि मुलीचं नाव सरकारी गॅझेटात आलं होतं. नागरिकत्व लागू होतं ते गॅझेटाच्या तारखेपासून. पत्ता, नाव आणि जन्मतारीख, तीही जपानी कालगणनेत. मी शोवा ५५ ची, म्हणजे १९८० ची निघाले. त्याच महिन्यात सुमो कुस्तीतला योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल, हाकुहो, मूळचा मंगोलियाचा, तोही गॅझेटात आला होता. त्याच्या बातम्या झाल्या. आमच्याकडे मुलीने विचारलं, "मग आता शाळेत काय बदलणार?" काही नाही म्हटल्यावर ती खेळायला गेली.

बदललं ते नाव. इथल्या दवाखान्यात इतकी वर्षं मला आडनाव, नाव, मग नवऱ्याचं नाव अशा लांबलचक आरोळीने हाक मारत आणि सगळी बाकं वळून बघत. कोसेकीत, म्हणजे कुटुंबाच्या नोंदवहीत, आडनाव आणि नाव एवढ्या दोनच जागा. मधल्या नावाला थाराच नाही. एकेकाळी जपानी वळणाचंच नाव घ्या असं सुचवत, आता आपलंच नाव काताकाना लिपीत ठेवता येतं. मी तेच केलं. त्यामुळे नवऱ्याचं नाव माझ्या नावातून गळालं आणि लग्नाच्या नोंदीत जाऊन बसलं. तो परदेशी, म्हणून माझ्या नोंदवहीत त्याला स्वतःचा रकाना नाही. कुटुंबप्रमुख मी, खाली मुलगी. आणि माझ्या नावाशेजारी दोन रकाने, वडील आणि आई. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं त्या दिवशी आण्णांचं नाव माझ्या नावामागून गेलं होतं. ते टोकियोच्या वॉर्ड कचेरीत, माझ्या माहेरच्या आडनावासकट, परत आलं. 'थोरली मुलगी' असा शिक्काही त्यासोबत. सासर-माहेरची उपमा या प्रकरणात मला बऱ्याच जणींनी देऊन पाहिली, आता तुझं सासर जपान वगैरे. सासरी जाताना कोणी पेन्शनच्या पावत्या मागत नाही, एवढं सांगून मी विषय बदलते.

नोंदवहीला एक मूळ पत्ता लागतो. तो जपानात कुठलाही देता येतो, तिथे राहत असण्याची गरज नाही. बरेच जण हौसेने सम्राटाच्या राजवाड्याचा देतात. हे आण्णांना सांगितलं तर ते उठून बसले. "राजवाडा लावता येतो? मग लाव की! गाव विचारलं तर सांगायला बरं." मी निशिकासाईचाच लावला. ते हळहळले.

भारताच्या बाजूचं काम त्यामानाने झटपट होतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपलं आपोआप संपतं, विनंती करायचीच नसते. फक्त पासपोर्ट जमा करायचा. गॅझेटच्या तारखेपासून जुना पासपोर्ट वापरता येत नाही, आणि कोसेकी तयार होऊन नवा हातात यायला काही आठवडे जातात. त्या मधल्या काळात मला कुठेच जाता आलं नसतं. आण्णांचं तेव्हा वय झालेलं, रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. पुढे रद्द केलेला पासपोर्ट, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं ओसीआय कार्ड, सगळं रीतसर आलं.

आणि लगेच २०२०. तेरा मार्चपासून भारताने ओसीआयवरचा व्हिसामुक्त प्रवेश थांबवला. जपानने मेअखेरीपासून भारतातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना, अगदी कायम परवाना असणाऱ्यांनाही, आत घेणं बंद केलं. म्हणजे नवरा भारतात जाऊ शकत होता, पण गेला तर परत येऊ शकत नव्हता. मी परत येऊ शकत होते, पण जाऊ शकत नव्हते. एका घरात, एका टेबलाशी बसून आम्ही हे कागदावर मांडून बघितलं. त्या महिन्यांत गावाकडे कोणाला काही झालं नाही, एवढंच. जुलैत टोकियोच्या राज्यपालपदाची निवडणूक होती. मास्क लावून, घरून पेन्सिल घेऊन जाऊन मी पहिलं मत दिलं.

गेल्या वर्षी दादाने जमिनीचा विषय काढला. आण्णांना हयातीतच वाटणी मार्गी लावायची आहे. "तू आता परदेशी झालीस, तुझं नाव सातबाऱ्यावर लागणार नाही, तर हक्कसोड करून टाक," असं तो म्हणाला. वाईट बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, तलाठी कचेरीतल्या कोणीतरी सांगितलेलं. मी शोधलं, मुंबईतल्या वकिलांना विचारलं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणून घेता येत नाही. पण वारसाने आलेली घेता येते. आणि मुलगी म्हणून हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर दादाइतकाच.

मी त्याला हे पाठवलं. मग विचारलं, वारस ठरवायला तलाठ्याला पुरावा काय लागेल? तर तोच, आईवडिलांच्या लग्नाचा आणि मुलांचा. तो माझ्याकडे आहे, मराठीत आणि जपानीत, शिक्क्यासकट. दादाकडे त्याची झेरॉक्सही नाही. गेल्या आठवड्यात त्याने ती मागवली. मी पाठवून दिली. हक्कसोडीचं मात्र सध्या राहू दे म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा बसून बोलू. वहिनी म्हणाली, ये, पण व्हिसा लागतो का ते आधी बघ.